वर्कशॉपला एनर्जी मॉनिटरिंग बसवून दहा महिने झाले, आता बोलतो

आधीच सांगतो, कंपनीचं नाव टाकणार नाहीये. चारपाच पोरांची छोटी कंपनी आहे, पोरं मेहनती आहेत, आणि खाली मी ज्या शिव्या घालणार आहे त्यातल्या निम्म्या तरी त्यांच्या सेल्सवाल्याच्या वाट्याच्या आहेत, आणि तो तर कधीच नोकरी सोडून गेला. तसंही असल्या कंपन्या भोसरी-चाकणला सध्या ढिगाने फिरतायत, सगळ्यांचा माल साधारण एकच, तेव्हा नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते कामाचं.

सर्व्हिस अशी की वर्कशॉपमधल्या प्रत्येक मोठ्या मशीनच्या पॅनलमध्ये एक छोटा मीटर, सगळे मीटर एका केबलने एकमेकांना जोडलेले, शेवटी एक गेटवे म्हणजे सगळ्यांचा डेटा गोळा करणारा डबा, त्यात सिमकार्ड, तिथून डेटा क्लाउडवर, आणि मग तुम्ही घरी चहा पीत मोबाईलवर बघायचं की वीज कुठं जातेय. आम्ही १२ मीटर लावले. १ लाख ८५ हजार अधिक जीएसटी, त्यात पहिल्या वर्षाचं सबस्क्रिप्शन, पुढच्या वर्षापासून दरवर्षी ३० हजार.

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत. सहा सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), तीन व्हीएमसी (तसंच मिलिंगचं मशीन), एक इंडक्शन हार्डनिंग (जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, विजेने तापवून कडक करणारं), दाबाची हवा देणारा ३० एचपीचा स्क्रू कंप्रेसर, आणि लोन काढून घेतलेला एक कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारा रोबोटचा हात, त्याच्याबद्दल पुढे सांगतो कारण ती वेगळीच गंमत आहे. एचटी म्हणजे हाय टेन्शन कनेक्शन, काँट्रॅक्ट डिमांड (एका वेळी जास्तीत जास्त किती ओढायची त्याचा करार) २५० केव्हीए, बिल महिन्याला साडेचार लाखाच्या आसपास. हे बिल गेली दोन वर्षं वाढतच होतं आणि काम मात्र तेवढंच. बाबांना विचारलं तर म्हणाले लाईट बिल भरायचं असतं, वाचायचं नसतं. पण बिल वाचूनही काही कळत नाही हेही खरंच, त्यात एकच आकडा, आख्ख्या वर्कशॉपचा, त्यावरून कंप्रेसर खातोय का हार्डनिंग खातंय हे कोण सांगणार.

आता बसवण्याबद्दल. दोन दिवस सांगितले होते, लागले नऊ. पण या नऊ दिवसांत मी जे शिकलो ते त्यांच्या ॲपपेक्षा जास्त उपयोगी आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, घाई असेल त्यांनी खाली जा.

पहिल्या दिवशी दोन पोरं आली, एक केबलवाला आणि एक लॅपटॉपवाला. केबल टाकली ती सगळ्या मीटरपासून गेटवेपर्यंत वेगवेगळी, म्हणजे मधे गेटवे आणि त्याला सगळीकडून फाटे, चांदणीसारखी. संध्याकाळी चालू केलं तर १२ पैकी पाच मीटर बोलायला तयार, बाकीचे गप्प. आरएस-४८५ नावाची जी वायरिंग असते ना ती अशी फाट्यांची करायचीच नसते, ती माळेसारखी एका मीटरमधून पुढच्या मीटरला न्यायची, आणि माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि गोंधळ घालतो. नीट टाकली तर ही केबल १२०० मीटरपर्यंत चालते, माझं आख्खं शेड ४० मीटर पण नाही. हे मला माझ्या भाच्याने फोनवर सांगितलं, तो इलेक्ट्रिकलला मास्टर्स करतोय. त्यांच्या पोरालाही माहीत होतं बहुतेक, पण केबल वाचवायला शॉर्टकट मारला. सगळी उपटून परत टाकली.

तरी हार्डनिंग मशीन चालू झालं की तीन मीटर गायब व्हायचे. कारण कम्युनिकेशनची केबल पॉवर केबलच्या त्याच ट्रेमधून नेलेली. ती वेगळ्या पाइपातून नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, मग गप्प बसलं.

मग आकडे. मीटर बोलायला लागले पण ॲपमध्ये व्होल्टेज कुठं ०.०० तर कुठं चक्क -०.००. उणे शून्य व्होल्ट! आमचा फोरमन म्हणाला साहेब हे महावितरणला दाखवा, बिल माफ करतील. झालं असं होतं की हे मीटर मॉडबसवर बोलतात, मॉडबस म्हणजे १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने पीएलसीसाठी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी, काढलेली भाषा, इतकी जुनी आणि इतकी साधी की आजही कारखान्यात जिथे तिथे तीच. त्यात दशांशवाला एक आकडा दोन तुकड्यांत येतो आणि कुठला तुकडा आधी घ्यायचा हे प्रत्येक मीटरवाला आपल्या मर्जीने ठरवतो. तुकडे उलटे लावले की २३१ व्होल्टचं उणे शून्य पूर्णांक काहीच नाही होतं. लॅपटॉपवाल्या पोराला हे सापडायला दीड दिवस गेला, तोवर त्याने दोन मीटर बदलून पाहिले होते बिचाऱ्याने.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांनी आधीच असं काही बसवलंय त्यांनी आजच जाऊन बघा, सीटीची दिशा. सीटी म्हणजे केबलभोवती चिमट्यासारखी बसवतात ती कडी. तिच्यावर बाण असतो, तो उलटा बसला की त्या फेजची वीज मीटर वजा करतो. तीनपैकी एक उलटी असली तर दोन अधिक एक वजा, म्हणजे मशीन ९ किलोवॅट खातंय आणि मीटर दाखवतोय ३. माझ्या १२ मधल्या दोन मीटरवर असं होतं आणि ते मला कळलं तीन आठवड्यांनी, कारण एक व्हीएमसी शेजारच्या तसल्याच व्हीएमसीपेक्षा एक तृतीयांश वीज खात होतं आणि मी ऑपरेटरचं कौतुक करत फिरत होतो. ॲपमध्ये 'मशीन हेल्थ उत्तम' असं हिरव्यात लिहून येत होतं.

एकदा हे सगळं जागेवर बसल्यावर मात्र मजा आली. भोसरीला गुरुवारी सुट्टी, हे सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच गुरुवारी दुपारी सहज ॲप उघडलं तर वर्कशॉप बंद आणि कंप्रेसर चालू. बुधवारी रात्री शेवटची पाळी सुटली तेव्हा कोणी बंदच केला नव्हता. आणि कोणी म्हणजे कोणीच कधीच करत नव्हतं, कारण मेन पॅनलपासून तो मागच्या पत्र्याच्या खोलीत, आणि बंद केला की शुक्रवारी सकाळी हवा भरायला दहा मिनिटं जातात म्हणून ऑपरेटर बोंब मारायचे. आता स्क्रू कंप्रेसर रिकामा फिरला तरी फुल लोडच्या पंचवीस-तीस टक्के वीज खातोच, आणि हवेच्या लाइनला लीकेज असलं की तो मधेमधे लोडही घेतो. आमचा सरासरी साडेनऊ किलोवॅट खात होता, बुधवार रात्र ते शुक्रवार सकाळ धरा ३१ तास, म्हणजे जवळजवळ तीनशे युनिट, दर गुरुवारी, वर्षानुवर्षं, एकही जॉब न काढता. युनिटला दहा रुपये पकडले तरी एका गुरुवारचे तीन हजार. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसता हिशोब करत बसले, माझ्या मते ते १९९८ पासूनचा करत होते.

लीकेज शोधायला ॲप काही कामाचं नाही, तिथे साबणाचं पाणी आणि कान. रविवारी जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद करून फोरमन आणि एक हेल्पर ब्रश घेऊन आख्खी लाइन फिरले, १७ ठिकाणी फुगे. बहुतेक पीयू पाइपच्या पुश फिटिंगला, दोन एफआरएल म्हणजे हवेचे फिल्टर-रेग्युलेटर, आणि टँकचा ड्रेन कॉक जो कोणीतरी जरासा उघडाच ठेवलेला कारण पाणी काढायला रोज कोण वाकणार. ज्यांना वाटतं की हवाच तर आहे त्यांच्यासाठी, बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेच्या माहितीपुस्तकात टेबल आहे, ७ बारला साधारण ३ मिलीमीटरच्या भोकातून ३ किलोवॅट जातात आणि ६ मिलीमीटरच्या भोकातून १२. तेवढं भोक म्हणजे एक सीएनसी रात्रंदिवस फुकट चालवल्यासारखं. फिटिंग बदलायला लागले साडेसहा हजार. मग प्रेशर पण साडेसातवरून साडेसहावर आणलं, कोणाला पत्ता पण लागला नाही. एक बार कमी केला की कंप्रेसरची ६ ते १० टक्के वीज वाचते असं तेच पुस्तक म्हणतं आणि आमच्या मीटरवर ७ च्या आसपास दिसली.

कोबॉटची गंमत आता. युनिव्हर्सल रोबोट्सचा यूआर १० ई, टर्निंग सेंटरला जॉब लावणं-काढणं करतो. बाबांचा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून राग, बिल वाढलं ते याच्यामुळेच, एवढा मोठा हात दिवसभर हलतोय म्हटल्यावर वीज खाणारच. मीटर लावला तर हा पठ्ठ्या साडेतीनशे वॅट. घरातला मिक्सर ५०० चा असतो! बाबांनी मीटरच खोटा ठरवला, म्हणून क्लॅम्प मीटर आणून दाखवला. पण, आणि इथे बाबा अर्धे बरोबर निघाले, त्या कोबॉटच्या हाताला जो ग्रिपर आहे तो हवेवर चालतो, आणि जॉबवरची चिप उडवायला लावलेला ब्लो नोझल दर सायकलला चार सेकंद फुल हवा सोडतो. ती वीज कोबॉटच्या मीटरवर दिसतच नाही, ती कंप्रेसरच्या खात्यात जाते. नोझल बदलला, चार सेकंदांचे दीड केले, तर कंप्रेसरचा लोड टाइम डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. रोबोट विकणारा किती वॅट ते सांगतो, हवा किती ते विचारल्याशिवाय सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा कोबॉट घेणाऱ्यांनो.

मग टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे बदलणारा विजेचा दर. हे जुन्या माणसांना पचायला जड आहे. आमच्याकडे हार्डनिंग नेहमी रात्री, कारण पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट असायची आणि संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त. बाबांनी आख्खी पाळीच त्यावर बसवलेली, आणि त्यांच्या काळात ते शंभर टक्के बरोबर होतं. पण आता सोलर इतकं आलंय की दुपारी वीज उरते आणि सूर्य कलला की ओढाताण. २०२३ ला केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम बदलले की दिवसाचे सोलरचे तास स्वस्त करा, आणि २०२५ पासून आपल्याकडे पण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ स्वस्त, ५ ते रात्री १२ महाग. म्हणजे बाबांचं घड्याळ बरोब्बर उलटं फिरलं. मीटरच्या ग्राफवर टाइम झोनचे रंगीत पट्टे आहेत ॲपमध्ये, हे एक फीचर खरंच सुंदर केलंय, त्यावर हार्डनिंगचा डोंगर रात्री ११ वाजता लाल पट्ट्यात उभा दिसतो तेव्हा वाद घालायला जागाच राहत नाही. मला वाद घालायला तरी दोन महिने लागले. आता हार्डनिंग सकाळी साडेनऊला सुरू, ऑपरेटर खूश कारण तो संध्याकाळी घरी, फक्त जॉब आदल्या दिवशी तयार ठेवावे लागतात म्हणून प्लॅनिंगवाला वैतागलाय.

दिवसा आणल्यावर एक फटका बसला तोही सांगतो. सगळं एकाच वेळी चालू झाल्यामुळे पहिल्याच महिन्यात डिमांड २५० च्या वर गेली, आणि काँट्रॅक्टच्या वरच्या केव्हीएला नेहमीच्या दराखेरीज दंडही लागतो. सूट मिळाली तेवढी निम्मी तिथे गेली. ॲपमध्ये डिमांडचा अलर्ट होता, पण तो ईमेलवर जायचा, आणि ईमेल जायचा त्या सेल्सवाल्याच्या नावाने काढलेल्या अकाउंटवर. मग व्हॉट्सॲपवर करून घेतला, आता २३० ला वाजतो आणि फोरमन हार्डनिंग दहा मिनिटं थांबवतो.

केव्हीएएचचं थोडक्यात. एचटीवाल्यांचं बिल १ एप्रिल २०२० पासून किलोवॅटअवरवर नाही तर केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली किती वीज खरी कामाला लागते ते प्रमाण) घसरला की सरळ युनिटच वाढतात. तो सुधारायला कपॅसिटर लावतात, आमच्या पॅनलमधले आठपैकी तीन मेलेले होते, डिस्प्लेवर दिवे मात्र आठही लागायचे. मीटर लावला म्हणून कळलं. आणि उलट बाजूने, सुट्टीच्या दिवशी कपॅसिटर लागलेले राहिले तर लीडिंगचेही, म्हणजे पॉवर फॅक्टर उलट बाजूला गेल्याचेही, केव्हीएएच मोजले जातात, तेव्हा ते पण बघा.

आता ॲपबद्दल, कारण इथे माझं डोकं फिरतं. ॲप उघडलं की पहिल्यांदा काय दिसतं, तर तुम्ही किती झाडं वाचवली. मला झाडं नकोत रे बाबा, मला काल रात्री १२ नंतर काय चालू होतं ते पाहिजे, त्यासाठी चार वेळा बोट मारावं लागतं. नेट गेलं की ग्राफमध्ये भोक, कारण गेटवेत डेटा साठवून नंतर पाठवायची सोय बंद होती. या गेटवेतून डेटा एमक्यूटीटीवर जातो, ही पद्धत मुळात १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटच्या तुटक लिंकसाठीच काढलेली, म्हणजे नेट जाणारच हे धरून बनवलेली चीज घेऊन यांनी नेट गेल्यावर डेटा सांडवला. तीन वेळा मागे लागल्यावर चालू करून दिलं, तेव्हापासून भोक नाही. गेटवेचा पासवर्ड फॅक्टरीतून आला तोच, ॲडमिन-ॲडमिन. भाच्याने दोन मिनिटांत उघडून दाखवला. मॉडबसला तर पासवर्ड ही भानगडच नाही, जो वायरवर येईल तो विचारेल आणि जो विचारेल त्याला उत्तर मिळेल. मीटर नुसते वाचायचे आहेत तोवर ठीक, पण हे लोक म्हणत होते की कंप्रेसर पण ॲपवरून चालू-बंद करून देतो. हात जोडले. आमच्याकडे आता शेवटची पाळी सोडणारा माणूस कंप्रेसर बंद करून पॅनलचा फोटो ग्रुपवर टाकतो, फुकटात होतंय.

एआय. ब्रोशरवर एआय सात वेळा होतं, मोजलंय. दावा असा की मेन इनकमरच्या, म्हणजे आख्ख्या वर्कशॉपला वीज येते त्या लाइनच्या, एकाच मीटरवरून कुठलं मशीन किती खातंय ते एआय ओळखतं, म्हणजे पुढे बाकीचे मीटर लागणारच नाहीत. भाचा म्हणाला ही आयडिया नवी नाही, अमेरिकेतल्या एमआयटीतल्या जॉर्ज हार्टने १९८० च्या दशकात काढली, १९९२ चा त्याचा पेपर अजून सगळे वाचतात. घरातला फ्रिज, गीझर असलं खटकन चालू खटकन बंद होणारं ओळखायला चांगली, पण ज्यांचा लोड सतत वरखाली होतो ते अवघड, हे पहिल्यापासून माहीत असलेलं दुखणं. आणि माझ्या शेडमध्ये काय आहे, तर नऊ स्पिंडल, सगळे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, सगळे वरखाली. एआयने एकदा दुपारी दीड वाजता चार नंबरचं सीएनसी जोरात चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा ते मशीन उघडून ठेवलेलं होतं आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून वडापाव खात होतो.

अजून एक टॅब आहे 'एनर्जी मार्केट', त्यात आयईएक्स या वीज बाजाराचे भाव लाइव्ह दिसतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, दुपारी भाव दोन-अडीच रुपयांवर आणि संध्याकाळी कधीकधी थेट १० रुपयांच्या मर्यादेला टेकलेला. बघायला मस्त, मी रोज बघतो, शेअर बाजार बघतात तसा. सेल्सवाला म्हणाला होता तुम्ही पण तिथून घ्या. पण १ मेगावॅटच्या खाली साधं ओपन ॲक्सेस, म्हणजे महावितरण सोडून दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा, नाही. १०० किलोवॅटपासून मिळतं ते २०२२ च्या नियमांतलं ग्रीन ओपन ॲक्सेस, आणि त्यात व्हीलिंग (दुसऱ्याच्या तारांचं भाडं), सरचार्ज, बँकिंग (उरलेली वीज जमा ठेवणं) यांचं गणित मांडलं तर माझ्या साइजला हातात काय राहतं ते तुम्हीच मांडून बघा. तरी एक फायदा सांगतो, तो दुपारी पडलेला भाव बाबांना दाखवला तेव्हा त्यांना पहिल्यांदा पटलं की रात्रीची वीज आता स्वस्त का नाही.

कार्बनचा रिपोर्ट मात्र कामाला आला. एका मोठ्या कस्टमरचा फॉर्म आला, एका जॉबमागे वीज किती ते भरा. तीन मशीनच्या मीटरचा डेटा एक्सेलमध्ये काढला, जॉबच्या संख्येने भागला, झालं. शेजारच्या शेडवाल्याने तोच फॉर्म अंदाजे भरला आणि ऑडिटला त्याची तंतरली.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला सरासरी ३५ ते ४० हजार बिल कमी आहे, म्हणजे सहा महिन्यांत वसूल. यात ॲपचं किती आणि साबणाच्या पाण्याचं किती ते तुम्ही ठरवा. मीटर आणि नंतर केलेली वायरिंग ५ पैकी साडेचार, सपोर्टच्या पोरांना ४, ॲपला २, एआयला शून्य देता येत असेल तर शून्य. घेणार असाल तर पेमेंटचा शेवटचा हप्ता, निदान २० टक्के, सगळ्या मीटरची बेरीज महावितरणच्या मीटरशी आठवडाभर जुळेपर्यंत हातात ठेवा. माझ्याकडे पहिल्या महिन्यात १४ टक्क्यांचा फरक होता, त्या उलट्या सीटीमुळे. आता फरक २ च्या आत आहे.

सबस्क्रिप्शन दोन महिन्यांत संपतंय. मी कळवलंय की एआयचा टॅब आणि झाडं काढा आणि ३० चे २० करा. त्यांचा निरोप आला की टॅब काढता येत नाही सर, पण लपवता येईल, आणि २७ ला करू.